भोंग्याचं चुंबक आणि थांबलेली गिरणी

हिरामण टेंभरे यांचं नाव सगळ्यांत आधी लिहितो. गोंदियाच्या ज्या भातगिरणीत ते इंजिन सांभाळत तिथं सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. मीही मिस्त्रीच म्हणत आलो. खरं तर या हकिगतीत ते बऱ्याच उशिरा येतात. पण दिवाळी अंक लोक फराळाची ताटली मांडीवर घेऊन वाचतात, दोन पानं झाली की दुसरंच काही उघडतात. कोणी मध्येच उठून गेलं तर निदान एवढं त्याच्या कानावर पडलेलं असावं, की राजापूरकडचा वासुदेव नावाचा एक पोरगा, म्हणजे मीच, इतक्या लांब येऊन चोर ठरणार होता, आणि तो चोर ठरला नाही तो हिरामण टेंभरे यांच्यामुळं. त्याबद्दल जे भोगायचं ते त्यांनी भोगलं. मी काही भोगलं नाही. हे लिहिताना अजून माझे कान तापतात.

संपादकांनी ‘तुमच्या धंद्यातले अनुभव लिहा’ असं सांगितलं तेव्हा मी आधी नकोच म्हटलं. त्यांच्या मंडळाच्या उत्सवाला आमचे भोंगे असतात, एवढीच आमची ओळख. माझं शिक्षण मराठी सहावी, तीही अर्धी. वडील गेले आणि आईनं मला मुंबईला मामांकडे पाठवलं. मामा गिरगावात एका रेडिओच्या दुकानात कामाला होते. त्यांच्या हाताखाली मी लाऊडस्पीकर उघडायला आणि बंद करायला शिकलो. पुढं गोंदियाचे दुबेजी, भोंगे भाड्यानं देणारे, सामान घ्यायला मुंबईला आले. त्यांना ‘स्पीकर का आदमी’ हवा होता. मामांनी मला पुढं केलं. तेव्हा गोंदिया मध्यप्रदेशात होतं. मग मुंबई राज्यात आलं, आणि यंदा महाराष्ट्रात. मी दुकानातल्या एकाच स्टुलावर बसून तीन राज्यं पाहिली. आई बिचारी दर वेळी पत्ता बदलून पत्र लिहवून घेते आणि विचारते, ‘आता परत कुठं गेलास?’

आधी धंदा काय आहे ते सांगतो. लाऊडस्पीकर म्हटलं की लोकांना भोंगा दिसतो. भोंगा म्हणजे नुसता पत्रा. आवाज तयार होतो तो भोंग्याच्या बुडाशी असलेल्या डब्यात. त्याला आम्ही युनिट म्हणतो. आत चुंबक असतं. चुंबकाच्या तोंडाशी मधे एक लोखंडी खांब आणि त्याच्याभोवती लोखंडी कडं, आणि या दोघांच्या मधे बांगडीसारखी गोल, अगदी अरुंद फट. त्या फटीत बारीक तारेचं कॉइल अधांतरी राहतं. कॉइलला पातळ पडदा चिकटवलेला असतो. करंट आला की कॉइल थरथरतं, पडदा हलतो, हवा हलते, तुम्हाला भाषण ऐकू येतं. यात जादू काही नाही. फक्त कॉइल फटीत कुठं टेकता कामा नये. केसभर टेकलं की खरखर सुरू.

युनिट आजारी असेल तर पहिली तपासणी बॅटरीच्या साध्या सेलनं. दोन तारा क्षणभर टेकवायच्या. ‘टक’ असा भरीव आवाज आला तर कॉइल धड आहे. काहीच आलं नाही तर तार तुटलेली. ‘खर्र’ असं आलं तर कॉइल घासतंय, नाहीतर फटीत काही शिरलंय. मग पडद्याला दोन बोटांनी हलकेच दाबून कान जवळ न्यायचा. घासण्याचा आवाज एकाच बाजूला येत असेल तर कॉइल सरकलंय. सगळीकडून येत असेल तर आत कचरा आहे. तुटलेली कॉइलं आम्ही नवी गुंडाळतो आणि स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेनं पक्की करतो. मुंबईत मामांना चांगल्या लाखेसाठी वणवण करावी लागे. इथं सालेकशाच्या जंगलातून लाख येते आणि गावात तिचे कारखाने आहेत. कॉइल फटीत बरोबर मधोमध बसवायला चारी बाजूंना सिनेमाच्या जुन्या फिल्मचे तुकडे खोचायचे, पडदा चिकटला की ते ओढून काढायचे. तंबूतला सिनेमा गावात आला की मी आधी ऑपरेटरकडे जातो, तुकडे मागायला. पिक्चर कोणता आहे ते मागाहून विचारतो.

आता राग. तो सांगितल्याशिवाय या धंद्याचं खरं चित्र येणार नाही. आमच्याकडे येणारे बहुतेक भोंगे लढाईनंतर लष्करानं लिलावात काढलेले. कुठल्या वाळवंटात, कुठल्या बोटीवर ओरडून आलेले. म्हाताऱ्या माणसाला जपतात तसं त्यांना जपायला हवं. लोक काय करतात? एकानं आत कुंभारमाशीनं घर केलं म्हणून छत्रीची काडी घालून पडद्याला आरपार भोक पाडलं आणि मला म्हणाला, ‘मी साफ करूनच आणलंय.’ पुढाऱ्यांची तर वेगळीच तऱ्हा. माईकवर टिचक्या मारून, फुंकून, खोकून ते जे पडदे फाडतात तेवढे पाऊस आणि उंदीर मिळून फाडत नाहीत. आणि पडदा फाटला की म्हणायचं, ‘तुमचं मशीनच कमजोर.’

सालेकशाकडच्या दंडार मंडळींचा म्होरक्या एकदा युनिट घेऊन आला. दंडार म्हणजे इकडचं गावातलं गाण्या-नाचाचं नाटक. युनिट उघडलं तर आत जवसाचं तेल. कॉइल त्यात भिजून फुगलेलं.

“हे तेल कुठून आलं?”

“म्याच देल्लं जी. कचकच करून राहिला होता.”

“अहो, स्पीकरला तेल कोण देतं?”

“गाडीचा आख कचकच करते तं तुमी काय देता? दूध?”

“हा आख नाही.”

“मंग आतमंदी हालून कायले राहिला? जे हालते त्याले तेल लागते बाप्पा.”

सगळं कॉइल काढून नवं गुंडाळलं. महिनाभरानं कळलं की तो गावोगाव सांगत फिरतो आहे, ‘बंबईवाल्यानं आतलं तेल काढून घेतलं, तवापासून भोंगा कोरडा पडला.’

अशा गोष्टींवर मी चिडतो आणि मग हसतो. आता जे सांगणार आहे त्यावर मला हसू येत नाही.

दुसऱ्या निवडणुकीच्या आदल्या वर्षाची दिवाळी नुकतीच झाली होती. नवं धान गिरण्यांवर येत होतं आणि गावोगाव मंडया भरत होत्या. घाटावरच्या वाचकांना मंडई म्हणजे भाजीबाजार वाटेल. इकडं मंडई म्हणजे दिवाळीनंतर गावात भरणारी जत्रा. पाहुणे येतात, पाळणे येतात, दंडार होते, आणि हल्ली भोंगा नसेल तर मंडई झाली असं कोणी म्हणत नाही.

जवळच्याच एका गावच्या मालगुजारांची, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या तिथल्या जमीनदारांची, गोंदियात भातगिरणी होती. त्यांचं नाव लिहीत नाही. मालगुजारी जाऊन काही वर्षं झाली होती, पण लोक मालगुजारच म्हणत आणि तेही हाक तेवढ्याच मानानं ऐकत. त्यांच्या मालकीचा एक लष्करी भोंगा होता, मोठा, काळ्या रंगाचा. गावची मंडई त्याच्यावर गाजायची. मंडईला चार दिवस राहिले असताना त्यांचा माणूस ते युनिट घेऊन दुकानात आला. आवाज फुटत होता.

सेल लावला. ‘खर्र.’ पडदा दाबून पाहिला, सगळीकडून खरखर. पडदा उतरवला तर फटीत काळी बारीक लव. लोखंडाचा कीस! गिरणीत जिथं भात सडायच्या यंत्राची पाती घासत त्याच खोलीत हे युनिट वर्षभर उघडं पडून होतं. चुंबकानं हवेतला सगळा कीस ओढून घेतला होता. भिजवलेल्या कणकेची बारीक सळी करून मी वरवरचा कीस काढला. खोलवरचा निघेना.

इथं माझी चूक सांगतो, ती माझीच आहे. मामांच्या दुकानात मी जे मोठे स्पीकर उघडले होते त्यांत कायमचं चुंबक नसायचंच. आत लोखंड, त्याभोवती तारेचं मोठं रीळ. करंट सुरू असेल तेवढाच वेळ त्याचं चुंबक होतं. असले स्पीकर पार सुटे करा, रॉकेलनं धुवा, पुसून परत जोडा, त्यांचं काही जात नाही. मी शेकडो वेळा केलं होतं. तेच मी इथं केलं. चार बोल्ट काढले, कडं उचललं, चुंबक बाहेर काढून बाकावर फडक्यावर ठेवलं, कीस वेचून काढला, फट आरशासारखी केली. मला फार समाधान वाटलं होतं. दुबेजींनी येऊन पाहिलं आणि म्हणाले, “वाह वासू, एकदम नया कर दिया.”

परत जोडलं. सेल लावला. ‘टक’ आला, स्वच्छ. पण लहान. मशीनवर, म्हणजे आवाज वाढवणाऱ्या पेटीवर, लावून बोललो तर एक कणही खरखर नाही आणि आवाज निम्माही नाही. जणू कोणी भोंग्याच्या तोंडावर गोधडी टाकली आहे. कॉइल पाहिलं, ठीक. पडदा पाहिला, ठीक. तारा बदलल्या. काही नाही.

दुसऱ्या दिवशी मालगुजार स्वतः आले, बरोबर दोन माणसं. आवाज ऐकला. मग खिशातून काही काढावं इतक्या सहज त्यांनी माणसाकडून हातोडा मागून घेतला आणि युनिटच्या तोंडाशी धरला. हात सोडताच हातोडा खाली पडला.

“पयले हा हातोडा याले चिकटून राहे. दोन मानसं ओढत,” ते म्हणाले. “हा माहा चुंबक नोहे.”

मी म्हणालो, “तुमचाच आहे, मालगुजार. मी फक्त साफ केला.”

“साफ तं केलाच. कोनाले इकला?”

विलायती चुंबकाला इकडं मागणी होती, हे खरं. गिरणीत धानाबरोबर येणारे खिळे पकडायला ते टांगत. पण माझ्या मनात असलं काही येईल हे कोणाच्या मनात यावं, याचाच मला धक्का बसला. मी दुबेजींकडे पाहिलं. कालच त्यांनी सुटं चुंबक बाकावर पाहिलं होतं, हातात घेऊन फिरवून पाहिलं होतं. ते सांगतील असं मला वाटलं.

दुबेजी म्हणाले, “मालगुजार साहब, मैंने तो हाथ भी नहीं लगाया. काम लड़के का है. आप उसकी पेटी देख लीजिए.”

माझी पत्र्याची पेटी रस्त्यावर आणून उघडली. लोक जमले. दोन सदरे, आईची पत्रं, आणि तिनं पाठवलेली आमसुलांची पुडी. मालगुजारांच्या माणसानं पुडी हुंगली, “हे काय गा, वाळलेला विंचू?” लोक हसले. पेटीच्या तळाशी एका मोडक्या रेडिओतून काढलेलं लहानसं चुंबक होतं, मुंबईपासून माझ्याबरोबर आलेलं, टाचण्या गोळा करायला. ते वर काढून त्या माणसानं सगळ्यांना दाखवलं.

“भेटला!”

“अहो, हे केवढं आणि ते केवढं!”

“फोडला असल,” कोणीतरी मागून म्हणालं.

मला वाटतं, मनुष्याला अडाणी म्हणावं, धांदरट म्हणावं, त्याच्या हातून काम बिघडलं तर चार शिव्या द्याव्यात. मी काम बिघडवलं होतं आणि शिव्यांना पात्र होतो. पण ज्यानं आयुष्यात कोणाचा खिळा घेतला नाही त्याची पेटी रस्त्यावर उपडी करायची, आणि ज्याला खरं माहीत आहे त्यानं पानाला चुना लावत उभं राहायचं, हे कुठल्या न्यायात बसतं? मालगुजारांनी सांगितलं, “उद्या दुपारपर्यंत माहा चुंबक आन. नाहीतं ठाणेदाराच्या हवाली करतो.” आणि गेले. ठाण्यात गेलो तर गावाकडं काय कळेल आणि आई ते कोणाकडून वाचून घेईल, हेच माझ्या डोक्यात फिरत राहिलं. तिला वाचता येत नाही. जो वाचून दाखवील त्याला आधी कळेल.

सकाळी युनिट फडक्यात बांधून मी गिरणीवर गेलो, हातापाया पडायला. मालगुजार काट्यापाशी धान उतरवून घेत होते. म्हणाले, “दुपारी बोलू, ठाण्यात.” मी बाहेर येऊन इंजिनाच्या खोलीच्या भिंतीला टेकून बसलो. तिथं हिरामण मिस्त्री होते. आमची ओळख एवढीच, की ते कधी दुकानात सुताएवढी तार मागायला येत. पन्नाशीचा माणूस, ठेंगणा, कानात कायम कापसाचे बोळे.

“काऊन बसला गा पोट्ट्या असा, मेल्यावानी?”

मी सगळं सांगितलं. त्यांनी एका कानातला बोळा काढला. “चुंबक बाहेर काढलास? साबूत?”

“हो. बाकावर ठेवला.”

“तोंडावर लोखंड काई ठेवलं होतं का नाही?”

“नाही. फडक्यावर ठेवला, स्वच्छ.”

“हात्तिच्या! मंग गेला ना जोर.” ते एवढं सहज म्हणाले की मला पहिल्यांदा समजलंच नाही. “अरे, माह्या इंजिनाच्या मॅग्नेटोत हाच चुंबक रायते. ठिनगी त्याच्याच जोरावर पडते. तो खोलाचा असला तं म्या आधी दोनी तोंडावर लोखंडी पट्टी ठेवतो. चुंबकाचा जोर एका तोंडातून निंगते आन् दुसऱ्यात जाते. लोखंड असलं तं रस्ता सोपा. लोखंड काढलं का तो जोर उलटा त्याच्याच आंगावर येते. मंग आपलाच आपन हारते तो. तुह्या गुरूनं नाही सांगतलं?”

माझ्या गुरूकडे असलं चुंबक कधी आलंच नव्हतं. मी म्हणालो, “मग मी चोरला नाही.”

“चोरला नाही, बिघडवला,” मिस्त्री म्हणाले. “बिघडलेलं सुधरते. चाल.”

ते मला घेऊन मालगुजारांकडे गेले. म्हणाले, “हा तुमचाच चुंबक आहे. अर्धा घंटा द्या, तुमच्यासमोर भरून देतो.” मालगुजारांनी वरही पाहिलं नाही. “हिरामन, इंजिनापाशी जा. गाड्या उभ्या आहेत.” मिस्त्री परत दोनदा बोलले. तिसऱ्यांदा मालगुजार म्हणाले, “चोराची वकिली कवापासून करून राहिला बे?”

मिस्त्री वळले, इंजिनाच्या खोलीत गेले आणि त्यांनी तेल बंद केलं.

हंगामात गिरणी थांबणं म्हणजे काय हे गिरणीगावाला विचारा. फाट-फाट करत इंजिन मंद झालं, पट्टा लोंबला, चाळण्या थांबल्या. इतकी शांतता झाली की आवारातल्या चिमण्या ऐकू आल्या. बाया धान पाखडताना थांबल्या, हमाल बाहेर आले, तांदूळ भरायला उभ्या असलेल्या दोन लॉऱ्यांचे ड्रायव्हर आले, आणि मालगुजार स्वतः आले. मिस्त्रींना तेच हवं होतं. सगळे पाहत असताना हे व्हायला पाहिजे होतं.

त्यांनी ड्रायव्हरांकडून लॉऱ्यांच्या बॅटऱ्या मागितल्या आणि एकीला एक जोडल्या. मी चार बोल्ट काढले. चुंबकाभोवती त्यांनी बोटाएवढ्या जाड तारेचे जमतील तेवढे वेढे दिले, दोन टोकं डब्याच्या भोकातून बाहेर काढली आणि मला म्हणाले, “आता बंद कर. जोर भरल्यावर खोलाचा नाही, हे ध्यानात ठेव जलमभर.” मी बोल्ट आवळले. त्यांनी एक टोक बॅटरीला बांधलं आणि दुसरं क्षणभर टेकवलं. ठिणगी अशी उडाली की पुढच्या बाया मागं सरल्या. आणखी दोनदा टेकवलं. मग मिस्त्री बाजूला झाले आणि हातोडा मालगुजारांच्या हातात दिला.

मालगुजारांनी तो युनिटच्या तोंडाशी नेला. हातोडा त्यांच्या हातातून ओढला गेल्यासारखा चिकटला. त्यांनी ओढला, निघेना. एक हमाल हसला आणि लगेच गप्प झाला.

“करंट देल्ला तं कोनतंबी लोखंड असंच होईल,” मालगुजार म्हणाले.

मिस्त्रींनी तेवढाच जाड एक लोखंडी बोल्ट उचलला, तसेच वेढे दिले, तशीच ठिणगी पाडली, वेढे काढले आणि बोल्ट दुसऱ्या हातोड्याला टेकवला. हातोडा काय, एक खिळा कसाबसा लटकला आणि पडला. “साधं लोखंड जोर धरून ठेवत नाही, मालगुजार. जो धरते तो इलायतीच. आन् याच्यापाशी असाच दुसरा इलायती होता, तं त्यानं बदलला कायले?”

मी फिल्मचे तुकडे लावून पडदा बसवला. लॉरीच्याच बॅटरीवर दुबेजींचं मशीन आणून लावलं. कोणी काही बोलायला तयार होईना, म्हणून मीच ‘एक, दोन, तीन’ म्हणालो. माझा आवाज रेल्वे फाटकापर्यंत गेला. पूर्वीइतका नसेल, पण थोडाच कमी. दुबेजी तेवढ्यात येऊन पोचले होते. माझ्या खांद्यावर हात ठेवून लोकांना म्हणाले, “देखा? अपना आदमी है.” तो हात मी झटकायला हवा होता.

मालगुजार भोंग्यापासून बाजूला झाले. त्यांनी आवारभर नजर फिरवली, थांबलेला पट्टा पाहिला, आणि विचारलं, “गिरनी कोनं बंद केली?”

“म्या,” मिस्त्री म्हणाले.

“कोनाले इचारून?”

“तुमालेच इचारलं. तीन खेपा.”

“उद्यापासून येजो नको.”

एवढंच. चौदा वर्षं त्या इंजिनाला मिस्त्रींनी पोरासारखं सांभाळलं होतं. सगळे पाहत होते. सगळ्यांना कळत होतं की त्यांची चूक एकच, मालकाला लोकांसमोर खोटं पाडलं. कोणी बोललं नाही. हमाल बोलले नाहीत, त्यांना पोटं होती. पण मी? मी युनिट पोटाशी धरून उभा होतो. माझी सुटका झाली होती आणि त्या सुटकेची मला इतकी धास्ती वाटत होती की बोललो तर ती परत जाईल असं वाटलं. मिस्त्रींनी दोन्ही कानांतले बोळे काढून खिशात टाकले, माझ्याकडं पाहून मान हलवली, जणू ‘काम झालं’, आणि फाटकातून बाहेर पडले.

यापुढचं लिहू की नको, असा बराच विचार केला. लिहितो.

दोन दिवसांनी संध्याकाळी मंडई भरली. मशीनवर मी होतो. दंडार सुरू होण्याआधी मालगुजार माईकपुढं आले. पाहुण्यांचं स्वागत केलं, धान चांगलं झालं म्हणाले. मग म्हणाले, “हा भोंगा ऐकून राहिले ना? याचा चुंबक चोरीला गेला होता. ठाण्याचं नाव काढलं, तं दोन दिवसात जागच्या जागी आला! मिस्तरी आन् चोर, मिलून होते साले.” लोक हसले, टाळ्या पडल्या. मी दुरुस्त केलेल्या भोंग्यातून, मिस्त्रींनी भरलेल्या चुंबकाच्या जोरावर, ते वाक्य चार गावांवर गेलं. शब्द न् शब्द स्वच्छ. एवढीही खरखर नाही.

बटण माझ्या उजव्या हाताशी होतं. नुसतं फिरवायचं होतं. मी फिरवलं नाही. उलट आवाज शेवटी थोडा फुटायला लागला, तेव्हा सवयीनं तो नीट केला.

त्यानंतर गोंदियातल्या एकाही गिरणीनं मिस्त्रींना ठेवलं नाही. वर्षभरात ते भिलाईला गेले, तिथं तेव्हा पोलादाच्या कारखान्याचं बांधकाम जोरात होतं. मी स्टेशनवर गेलो होतो. काय बोलायचं ते पाठ करून गेलो होतो आणि त्यातलं काही बोललो नाही. मिस्त्रीच म्हणाले, “तोंड काऊन असं करून राहिला? इंजिनं तिथंबी आहेत. मोठाली आहेत म्हनतात. तू चुंबक खोलू नको म्हंजे झालं.” गाडी सुटली.

चुंबक मी पुन्हा कधी खोललं नाही. आजवर या दुकानात जे कोणी शिकायला आले त्यांना पहिल्या दिवशी तेच सांगतो, आणि हे मला मिस्त्रींनी सांगितलं हेही सांगतो. पण चार भिंतींत सांगणं वेगळं. हे छापून आलं की कोणीतरी मालगुजारांना वाचून दाखवीलच, आणि दुबेजींनाही, आणि मी अजून याच गावात, याच स्टुलावर पोट भरतो. भीती वाटते. तरी छापायला देतो आहे.

हे काही फेडणं नव्हे, मिस्त्री. कागदावर बोलणं सोपं असतं. तुम्ही भरल्या आवारात, मालकासमोर, माझ्यासाठी बोललात. तसंच फेडायला हवं. एखाद्या वर्षी तुम्हाला भिलाईहून घेऊन येईन, त्याच गावच्या मंडईला. तुम्हाला पुढं बसवीन, माईक मी हातात घेईन, आणि चुंबकाचं काय झालं होतं, गिरणी कोणी आणि का थांबवली, हे त्या चार गावांना माझ्या तोंडानं सांगीन. यंदा जमलं नाही. पुढच्या वर्षी जमेल असंही छातीवर हात ठेवून सांगवत नाही, माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. पण सांगीन. तोवर तब्येत सांभाळा.